जुन्या विमानाची रिव्हेटं तपासताना

सेसना १५२ हे दोन आसनी विमान अमेरिकेत १९७७ ते १९८५ या काळात तयार झालं. त्यानंतर एकही बनलं नाही. त्यामुळे फ्लाइंग क्लबात शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आज जे सेसना १५२ येतं, ते कितीही चकचकीत रंगवलेलं असलं तरी चाळिशीच्या घरातलं किंवा त्याहून जुनं असतं. चार आसनी सेसना १७२ चं उत्पादन १९८६ मध्ये थांबलं आणि १९९६ मध्ये पुन्हा सुरू झालं, पण त्या खंडाआधीची कितीतरी विमानं अजून उडतात. या विमानांचा सांगाडा आणि वरचा पत्रा एकत्र धरून ठेवायचं काम हजारो बारीक रिव्हेटं करतात. सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावातून बारावी सायन्सनंतर वैमानिक किंवा विमान देखभाल इंजिनिअर व्हायला निघालेल्या मुलामुलींना, आणि त्यांच्या फीची जुळवाजुळव करणाऱ्या घरच्यांना, या रिव्हेटांबद्दल आधीच थोडं ठाऊक असलेलं बरं. पुसेगावकरांना जवळचा विमानतळ नांदेडचा, पण शिकाऊ विमानांसाठी बारामती, धुळे, शिरपूर, नागपूर अशा ठिकाणी जावं लागतं. (गोंदियाजवळ बिरसीला शिकवण्यासाठी वापरली जाणारी डायमंड कंपनीची विमानं फायबरच्या धाग्यांची. त्यांच्या तपासणीचं शास्त्र वेगळं, ते इथे नको.)

रिव्हेट तपासणं म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते एकेका डोक्यावर बोट फिरवत जाणं. सैल आहे का, तुटलंय का, निघालंय का, एवढंच बघायचं. ही पद्धत अपुरी आहे. रिव्हेटचं डोकं दिसतं, पण भार पेलतो तो त्याचा दांडा. तो पत्र्याच्या छिद्रात पूर्ण झाकलेला असतो. छिद्राची भिंत दिसत नाही आणि दोन पत्रे जिथे एकमेकांना चिकटतात ती जागाही दिसत नाही. लपलेले दोष नेमके याच तीन ठिकाणी वाढतात. त्यामुळे जुन्या विमानात एकटंदुकटं रिव्हेट तपासून फारसं हाती लागत नाही. रिव्हेटांची अख्खी रांग, तिच्या दोन्ही बाजूंचा पत्रा आणि त्या विमानाची जुनी कागदपत्रं ही तिन्ही एकत्र वाचावी लागतात. त्यातही कागदपत्रं आधी.

हे पटायचं तर रिव्हेट धरतं कसं ते समजून घ्यावं लागेल. विमानात सर्रास वापरलं जाणारं भरीव रिव्हेट '२११७' या मिश्रधातूचं असतं. कारखान्यातून येतं तेव्हा त्याला एका बाजूला तयार डोकं असतं. छिद्रात घालून एका बाजूनं हवेच्या गननं ठोकतात, दुसऱ्या बाजूनं जड लोखंडी ठोकळा, म्हणजे बकिंग बार, धरतात. दांडा फुगून छिद्र गच्च भरतो आणि मागच्या बाजूला चपटं डोकं तयार होतं. या मागच्या डोक्याची रुंदी दांड्याच्या व्यासाच्या दीडपट आणि उंची निम्मी असावी, असा नेम आहे. म्हणजे ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटला मागे साधारण ४.८ मिलिमीटर रुंद आणि १.६ मिलिमीटर उंच डोकं हवं. छिद्राच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत निदान दोन व्यासांचं अंतर हवं. दांडा छिद्रात गच्च असेल तोवर दोन पत्रे एकमेकांवर सरकत नाहीत. तो जरासा ढिला झाला की प्रत्येक उड्डाणात, इंजिनाच्या प्रत्येक थरथरीबरोबर पत्रे केसाएवढे सरकू लागतात. मग छिद्र लांबट होतं आणि त्याच्या कडेला बारीक चीर सुरू होते. वरून पाहिलं तर डोकं जागच्या जागी, रंगही शाबूत.

डोकी जागेवर असूनही सांधा फाटू शकतो, याचं सर्वात गाजलेलं उदाहरण हवाई बेटांवरचं. २८ एप्रिल १९८८ रोजी अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७ हिलोहून होनोलुलूला जाताना सुमारे २४ हजार फुटांवर होतं. तेवढ्यात पुढच्या भागातलं साडेपाच मीटरांचं छप्पर उडून गेलं. केबिन क्रूमधली एक महिला बाहेर फेकली गेली, बाकीचे सगळे विमानासह उतरले. विमान १९६९ सालचं होतं आणि त्यानं जवळपास ९० हजार उड्डाणं केली होती, तीही बेटांमधल्या खाऱ्या हवेतली छोटी छोटी. पत्र्यांच्या सांध्यातला चिकट थर जागोजाग सुटला होता, तिथे ओल शिरली होती. त्यामुळे जो भार चिकट थरानं घ्यायचा तो रिव्हेटांवर आला आणि वरच्या रांगेतल्या छिद्राछिद्रातून चिरा निघाल्या. एकेक चीर लहान होती. सगळ्या एका रांगेत होत्या, म्हणून त्या एकमेकींना जाऊन मिळाल्या. चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. विमानात चढताना एका प्रवाशाला दाराजवळ रिव्हेटांच्या रांगेशी भेग दिसली होती, पण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

यावर लगेच आक्षेप येतो की हे प्रवासी जेटचं झालं. त्याच्या केबिनमध्ये दाब भरतात, प्रत्येक उड्डाणात ती फुग्यासारखी फुगते आणि आवळते. सेसनात दाब भरत नाहीत, मग तिथे ही भीती कशाला? आक्षेप अर्धा बरोबर आहे. छप्पर उडण्याचा धोका हलक्या विमानाला नाही. पण धातू थकायला केबिनमधला दाबच लागतो असं नाही. शिकाऊ विमान दिवसात कितीतरी वेळा उतरतं आणि चढतं, त्यातली बरीच उतरणं नवशिक्याची म्हणजे दणक्याची असतात. ४ एप्रिल २०१८ रोजी फ्लोरिडातल्या डेटोना बीचला एका विमानविद्यापीठाचं पाइपर विमान परीक्षेच्या उड्डाणात होतं. धावपट्टीला टेकून पुन्हा वर चढताना त्याचा डावा पंख तुटला. विद्यार्थी आणि परीक्षक दोघेही गेले. विमान २००७ सालचं, म्हणजे फार जुनं नव्हतं, पण साडेसात हजार तासांहून जास्त उडालेलं होतं. पंखाच्या मुख्य स्पारमध्ये, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या तुळईत, बोल्टच्या छिद्रापासून थकव्याची चीर वाढली होती, दुसऱ्या पंखातही त्याच जागी चीर सापडली. बोल्ट काढल्याशिवाय ती दिसलीच नसती.

त्यानंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं पाइपरच्या त्या घराण्यातल्या विमानांसाठी जो आदेश काढला, त्यातलं गणित प्रत्येक शिकाऊ वैमानिकानं समजून घ्यावं असं आहे. कोणत्या विमानाचे बोल्ट काढून तपासायचे हे ठरवताना त्यांनी नुसते एकूण तास धरले नाहीत. त्या विमानाच्या वहीत १०० तासांच्या तपासण्या किती वेळा झाल्या ते मोजायला सांगितलं, कारण ही तपासणी भाड्यानं आणि प्रशिक्षणाला दिलेल्या विमानांनाच सक्तीची असते. त्या सूत्रात प्रशिक्षणाचा एक तास खाजगी वापराच्या सतरा तासांच्या बरोबरीचा धरला आहे. म्हणजे पंखाला हात लावण्याआधी वही उघडायची. हा विचार रिव्हेटांनाही जसाच्या तसा लागू पडतो. विमान आधी कुठल्या देशात, कुणाकडे, कशासाठी वापरलं गेलं? कधी दणक्यानं उतरल्याची, पंखाचं टोक घासल्याची, नाकाचं चाक मोडल्याची नोंद आहे का? दुरुस्ती कुठे झाली, कुठल्या रेखाचित्रानुसार झाली? नोंदींमध्ये दोन-तीन वर्षांचा खंड आहे का? खंड असेल तर त्या काळात विमान कुठल्या हवेत उभं होतं, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हवेचा मुद्दा महाराष्ट्रात फार महत्त्वाचा आहे. जुहूचा विमानतळ १९२८ पासूनचा, अगदी समुद्राला लागून. तिथे वर्षानुवर्षं उभं राहिलेलं विमान आणि नागपुरात उभं राहिलेलं विमान यांचं वय सारखं असलं तरी पत्र्यांच्या पोटातली अवस्था सारखी नसते. यावर आपल्याकडे म्हणतात, मराठवाड्याची, विदर्भाची हवा कोरडी, इथे कसला गंज? हवा कोरडी आहे हे खरं, पण विमान इथे जन्मलेलं नाही. ते परदेशातून वापरलेलं आलं असेल, मध्ये किनाऱ्यावर राहिलं असेल. पत्र्यांच्या सांध्यात एकदा शिरलेला खार कोरड्या हवेनं निघून जात नाही, पुढच्या पावसाळ्याची वाट बघत बसतो. शिवाय जुन्या सेसनांच्या आतल्या बाजूला सगळीकडे प्रायमर मारलेला असेलच असं नाही. केबिनमधल्या गालिच्याखाली आवाज दाबायला लावलेला फोम खिडकीतून ठिबकलेलं पाणी धरून ठेवतो. आणि हँगरमधले उंदीर! पंखात किंवा शेपटीत त्यांनी घर केलं तर त्यांच्या मुतानं ॲल्युमिनियम भराभर खाल्लं जातं. धान्याच्या कोठाराशेजारी विमान उभं करणाऱ्यांनी हे विसरू नये.

आता प्रत्यक्ष पाहणी. ती विमान धुण्याआधी करा, धुतल्यावर नाही. धुण्यात सर्वात बोलका पुरावा वाहून जातो. ढिलं रिव्हेट छिद्रात घासतं तेव्हा ॲल्युमिनियमची बारीक पूड सुटते, ती हवेत काळी पडते आणि डोक्याभोवती काळं कडं किंवा वाऱ्याच्या दिशेनं मागे जाणारी काळी रेघ उमटते. घरातल्या ॲल्युमिनियमच्या कढईची मूठ ढिली झाली की तिच्या रिबिटाभोवती काळं चढतं आणि कितीही घासलं तरी दोन दिवसांत परत येतं, तोच हा प्रकार. विमानाच्या पोटाखाली मात्र घोटाळा होतो, कारण तिथे धुराड्याची काजळी आणि तेलाचे डागही काळेच असतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. काजळी अख्ख्या पट्ट्यावर सारखी पसरते, रिव्हेटची रेघ नेमकी त्या एका डोक्यापासून सुरू होते. शंका असेल तर आधी फोटो काढा, मग तेवढी जागा पुसा आणि काही तास उड्डाण झाल्यावर पुन्हा बघा. रेघ परतली तर रिव्हेट हलतंय. पंखातल्या टाकीच्या आसपास निळसर डाग दिसला तर तो ॲव्हगॅस १०० एलएलचा, कारण त्या इंधनाला निळा रंग दिलेला असतो. तिथे सांध्याची सीलबंदी गेलेली असते.

त्यानंतर टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाका, शक्यतो हँगरच्या अंधारात. समोरून टाकलेल्या उजेडात सपाट दिसणारा पत्रा आडव्या उजेडात लाटा दाखवतो. दोन रिव्हेटांच्या मधला पत्रा गादीसारखा फुगलेला दिसला की आत गंज आहे हे जवळजवळ धरून चालावं. ॲल्युमिनियमचा गंज म्हणजे पांढरी भुकटी. मूळ धातूपेक्षा ती कितीतरी जास्त जागा घेते आणि पत्रे एकमेकांपासून उचलते. अशा वेळी रिव्हेट ढिलं लागत नाही, उलट ताणलं जाऊन अधिकच गच्च भासतं. बोटानं चाचपणाऱ्याला ते ठणठणीत वाटतं, म्हणून तर हा दोष निसटतो. कधी डोकंच उडून जातं आणि आपण म्हणतो, रिव्हेट जुनं होतं, दुसरं मारू. दुसरंही काही महिन्यांत उडतं.

रांग वाचायची म्हणजे डोक्यांचा कल बघायचा. एखादं डोकं तिरकं असेल तर ते मारतानाच तिरकं बसलं असेल. ओळीनं पाच-सात डोकी एकाच दिशेला कलली असतील तर त्या सांध्यानं कधीतरी झेपेल त्यापेक्षा जास्त भार सोसला आहे, हे नक्की. अशा ठिकाणी रंगात डोक्याभोवती चंद्रकोरीसारखी चीर सापडते. तिरक्या डोक्याखाली फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, शिरते का ते बघावं. पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला हात पोचत असेल तर एकानं डोक्याशेजारी बोट टेकवून दुसऱ्यानं मागून हलकेच ठोकावं, ढिलं रिव्हेट बोटाला कळतं. सेसनात असे कल शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: पंखाला आधार देणारा स्ट्रट जिथे जोडला जातो तो भाग, मुख्य चाकांची चौकट, दाराच्या खांबांचा तळ, इंजिनामागची फायरवॉल आणि आडव्या शेपटीचा पुढचा स्पार. शेपटीचा हा स्पार विशेष लक्षात ठेवा, कारण हँगरमध्ये विमान वळवताना शेपूट दाबून नाक उचलायची सवय सगळीकडे आहे आणि तो दाब थेट तिथेच बसतो. आतली बाजू बघायला झाकणं उघडून आरसा किंवा बोरस्कोप (नळीच्या टोकाचा कॅमेरा) घालावाच लागतो. बाहेरून दहा मिनिटांत उरकलेली पाहणी म्हणजे अर्धी पाहणी.

जुन्या दुरुस्त्यांवर तर अधिक संशय धरावा. २११७ च्या रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध बारीक खळगा असतो. त्याच रांगेत गुळगुळीत, खळगा नसलेलं डोकं दिसलं तर ते बहुधा मऊ, शुद्ध ॲल्युमिनियमचं आहे आणि सांगाड्यात त्याला जागा नाही. मधे भोक असलेलं, हार्डवेअरच्या दुकानातलं पॉप रिव्हेट सापडलं तर कुणीतरी घाईत काम उरकलंय हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. चुकीची दुरुस्ती किती काळ गप्प बसते, याचा दाखला जपान एअरलाइन्सच्या १२३ क्रमांकाच्या उड्डाणाचा आहे. त्या विमानाची शेपूट १९७८ मध्ये ओसाकाला धावपट्टीवर घासली होती. दुरुस्ती करताना केबिनमधला दाब अडवणाऱ्या मागच्या भिंतीत एकसंध जोडपट्टीऐवजी दोन तुकडे वापरले गेले आणि रिव्हेटांच्या दोन रांगांनी पेलायचा भार एकाच रांगेवर आला. विमान सात वर्षं बिनतक्रार उडालं. १२ ऑगस्ट १९८५ रोजी ती भिंत फाटली आणि ५२० जण मेले. ती रांग सात वर्षं रिव्हेट म्हणून निर्दोष होती, दोष रचनेत होता. म्हणून ठिगळ दिसलं की रिव्हेटं मोजा, रांगा मोजा आणि दुरुस्तीच्या कागदाशी ताडून बघा.

मग संशयास्पद रिव्हेटं सरसकट बदलून टाकावीत, असं काहींचं म्हणणं असतं. पण बदलणं फुकट नसतं. जुनं रिव्हेट काढायला डोक्यातून ड्रिल घालावं लागतं आणि हात जरा हलला की छिद्र मोठं होतं. मग पुढच्या मापाचं, म्हणजे ३.२ च्या जागी ४ मिलिमीटरचं रिव्हेट मारावं लागतं. त्यानं कडेपासूनचं दोन व्यासांचं अंतर तुटलं तर पत्राच बदलायची वेळ येते. चांगल्या दहा रिव्हेटांना हात लावून एक वाईट काढण्यापेक्षा, कुठलं एक काढून आतलं छिद्र बघायचं हे नीट ठरवणं शहाणपणाचं. दुसरा आक्षेप यंत्रांचा. एडी करंटनं, म्हणजे धातूत भोवरी विद्युतप्रवाह निर्माण करून, तपासलं की सगळं कळतं, मग डोळे कशाला फोडायचे? एडी करंट डोक्याखालची चीर दाखवतं हे खरं, पण ते चालवायला प्रशिक्षित माणूस लागतो, आणि कुठे लावायचं हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. हजारो रिव्हेटांवर ते कुणी लावत नाही. रंगीत द्रवाची पेनेट्रंट चाचणी फक्त पृष्ठभागावर उघडलेली चीर दाखवते, तीही रंग काढल्यावर. यंत्र कुठे लावायचं ते वही आणि डोळेच ठरवतात.

राहिला शेवटचा आणि सर्वात आग्रहानं मांडला जाणारा मुद्दा: डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमानं विमानाची उड्डाणयोग्यता ठराविक काळानं तपासली जाते, ठराविक तासांनी हँगरमध्ये तपासण्या होतात, मग शिकाऊ मुलानं कशाला नाक खुपसायचं? कारण तपासणीवरची सही त्या दिवसापुरती असते, आणि त्या सहीनंतर विमानाभोवती रोज फेरी मारणारा माणूस विद्यार्थीच असतो. त्यानं निदान करायचं नाही, दुरुस्ती तर मुळीच नाही. पिस्टन इंजिनाच्या विमानाच्या सांगाड्यावर बोलायचा अधिकार बी१.२ वर्गाचा परवाना असलेल्या इंजिनिअरचा. विद्यार्थ्यानं बघायचं आणि सांगायचं. सांगायचं तेही तोंडी नको. 'सर, तिकडे जरा काळं दिसतंय' हे वाक्य दुपारच्या जेवणापर्यंत विसरलं जातं. डाव्या पंखाच्या खालच्या बाजूला, स्ट्रटपासून किती अंतरावर, कितव्या रांगेत, किती रिव्हेटांभोवती काळी रेघ आहे, हे तारीख घालून विमानाच्या तांत्रिक लॉगबुकात लिहा आणि इंजिनिअरनं त्यापुढे केलेली नोंद व सही वाचल्याशिवाय त्या विमानात बसू नका. नव्या विद्यार्थ्याला असं लिहू न देणाऱ्या संस्थेत पालकांनी पुढचा हप्ता भरू नये.